गिबन जन्मभर एकमेकांचेच असतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आसामात जोरहाटजवळ होलोंगापारच्या जंगलात मी गिबनांमागे, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या बिनशेपटीच्या वानरांमागे, हिंडायचे, हे कळलं की लग्नाच्या पंगतीत शेजारची मावशी हमखास विचारते, "जोडीनं गातात म्हणे! जन्मभर एकमेकांचेच ना?" विचारताना नजर काकांकडे.

गातात, हे खरं. हूलॉक गिबन, आसामीत हलौ बांदर, सकाळी ऊन वर आलं की सुरू होतात. आधी एकाचा बारीक हुंकार, मग दुसऱ्याचा, आणि बघता बघता रान दणाणतं. नर काळाकुळकुळीत, भुवया पांढऱ्याशुभ्र, मादी पिंगट. पण डोळे मिटून ऐकलंत तर कोण कुठला ते ओळखणं कठीण, इतके दोघांचे आवाज सारखे. एकदा मादी अगदी माझ्या डोक्यावर होती. एका हातानं लोंबकळत, पोटाला पिल्लू. गाण्याच्या भरात तिनं फांदी अशी गदागदा हलवली की सगळं दव माझ्या वहीवर. शाई फुटली. पिल्लू ढिम्म.

पण त्या गाण्यातला बराच मजकूर शेजाऱ्यांसाठी असतो: इथे आम्ही नांदतो आहोत, फिरकू नका. आणि निष्ठेचं म्हणाल, तर थायलंडच्या खाओ याई राष्ट्रीय उद्यानात संशोधक उल्रिख रायखार्ड यांनी पांढऱ्या हातांच्या गिबनांवर बारीक नजर ठेवली. १९९५ साली त्यांनी मांडलं, की मादीच्या समागमांपैकी सुमारे १२ टक्के जोडीबाहेरचे होते. जोडीदार बदलतातही. इथे मावशीचा जिलबीचा हात थांबतो.

सियामांग गिबनांत नवा जोडीदार आला की जुगलबंदी लगेच जमत नाही, बसायला वेळ लागतो. मला स्वतःला निष्ठेपेक्षा हे जास्त आवडतं.

माझा जीव मात्र अडकतो तो एकट्यांत. वयात आलं की घर सोडायचं, जोडीदार शोधायचा. होलोंगापार जेमतेम २१ चौरस किलोमीटर, भोवती चहाचे मळे, मधून रेल्वे. हूलॉक जमिनीवर सहसा उतरत नाही, आणि चहाचं झुडूप कमरेएवढं. मळ्याकडच्या टोकाला एक तरुण नर एकटाच गायचा. माझ्या वहीत त्याच्या नोंदी आहेत. सुरुवात ७.५०, शेवट ८.०५. उत्तर: नाही.