दामाजींनी चोरी केली का?

मी मंगळवेढा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. परिपाठात चोरीवरची बोधकथा अधूनमधून येतेच. मुलं तात्पर्य माझ्याआधी म्हणून मोकळी होतात, 'चोरी करणे पाप आहे', आणि आम्ही पुढच्या तासाकडे वळतो. त्या दिवशी मी तात्पर्य विचारलंच नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं: दामाजींनी चोरी केली का?

दामाजीपंत माहीत नाहीत असं मूल आमच्याकडे सापडणार नाही. बहामनी काळात मोठा दुष्काळ पडला, लोक अन्नाविना मरायला लागले. मंगळवेढ्याचं सरकारी कोठार दामाजींच्या ताब्यात होतं. बिदरच्या बादशहाला न विचारता त्यांनी ते उघडलं आणि धान्य वाटून टाकलं. पुढे पांडुरंगच विठू महार होऊन बिदरला गेला, मोहरा मोजून दिल्या आणि पावती घेऊन आला, ही कथा आजी-आजोबांच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलेली. पण या कथेला चोरीचा प्रश्न विचारता येतो, हे त्यांना नवीन होतं.

दाराजवळचा कोपरा 'चोरी'चा, खिडकीजवळचा 'चोरी नाही'चा. ज्यांचं ठरत नाही त्यांनी मधल्या सतरंजीवर बसायचं. मत बदललं की उठून जागा बदलायची. बोलणाऱ्याने आधीच्याचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं, मग आपलं.

जवळजवळ सगळा वर्ग खिडकीकडे पळाला. दामाजी म्हणजे देवमाणूस, ते कसे चोर असतील! दाराजवळ उभा राहिलेला एक मुलगा म्हणाला, "बाई, दामाजींकडं कोठाराची किल्ली होती. धान्य त्यांचं न्हवतं."

यावर खिडकीकडून एका मुलीने विचारलं, "मग बादशहाचं तरी कसं? पिकवलं कुनी?"

मी गप्प राहिले. या तासाला मास्तरांनी गप्प राहणं सगळ्यांत अवघड असतं. त्या मुलाने तिचं म्हणणं नीट सांगितलं आणि आपल्या शाळेचाच दाखला दिला. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे पोषण आहाराचा रोज 100 ग्रॅम तांदूळ येतो, ते मुलांना पाठ आहे. "तांदूळ सरकारचा. किल्ली मावशींकडं. त्यांनी गावात वाटला तर?" "मग आमी काय खायाचं?" असं म्हणत तिघेचौघे खिडकीकडून सतरंजीवर येऊन बसले.

मग हुरड्याचा विषय निघाला. रस्त्याकडेच्या रानातली चार कणसं मोडून खाल्ली तर? इथे मुलांचा कायदा तयार होता: पोटात नेलं तर चोरी नाही, पिशवीत नेलं तर चोरी. एवढी स्वच्छ रेघ मला आखता आली नसती. पण ज्याच्या घरी बांधालगतचं रान आहे, त्याला ती पटली नाही. "येणारा जाणारा समदाच पोटात न्यायला लागला तर?"

त्यांना मी इटलीतली एक खरी घटना सांगितली. 2011 मध्ये जेनोवा शहरात एका बेघर माणसाने दुकानात पावाच्या कांड्यांचे पैसे दिले, पण चीज आणि सॉसेज खिशात घातलं. किंमत 4.07 युरो. त्याला सहा महिन्यांची कैद आणि 100 युरो दंड झाला. 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली: तातडीची भूक भागवण्यापुरतं अन्न घेणं हा गुन्हा नाही.

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर सतरंजीवरची एक मुलगी म्हणाली, "दामाजींचं पैसं इठोबानं भरलं. त्या दुकानदाराचं कुनी भरलं?"

याचं उत्तर वर्गात कोणाकडेच नव्हतं. तोवर आम्ही घेणाऱ्याबद्दल बोलत होतो. आता ज्याचं गेलं तोही वर्गात येऊन बसला. कोणी म्हणालं न्यायाधीशांनी द्यावेत, कोणी म्हणालं दुकानाबाहेर डबा ठेवावा. "त्यानं मागितलं असतं तर दिलं असतं की," असंही कोणी म्हणालं. तेव्हा सहसा न बोलणारी एक मुलगी नियमाप्रमाणे ते वाक्य पुन्हा म्हणाली आणि पुढे म्हणाली, "मागायला लाज वाटती. घेताना कुनी बघत न्हाई."

हे कुठून आलं ते मी विचारलं नाही, आणि कोणाला विचारू दिलं नाही. म्हणूनच वर्गात खरोखर कोणाची वस्तू हरवलेली असताना हा विषय मी कधीच काढत नाही. मुलं विचार करायचं सोडून चोर शोधायला लागतात. त्या वाक्यानंतर दाराजवळचा मुलगासुद्धा सतरंजीवर आला. तो म्हणाला, चोरी ती चोरीच, पण मागणाऱ्याला लाज वाटेल असं गाव असलं तर त्यात गावाचीही चूक आहे. नऊ वर्षांचं पोर हे म्हणतं, आणि आपण त्याच्याकडून फक्त तात्पर्य पाठ करून घेतो!

शेवटी त्यांनी मलाच गाठलं. "बाई, तुमचा कोपरा कुटला?" इतका वेळ त्यांना बोलायला लावून आपण हात झटकणं बरं दिसलं नसतं. मी खिडकीकडे गेले आणि सांगितलं: जीव वाचवायला घेतलेलं अन्न मी चोरी मानत नाही, पण ज्याचं घेतलं त्याची भरपाई झाली पाहिजे, आणि ती एकट्या भुकेल्याने नाही, सगळ्यांनी मिळून करायची.

किल्लीवाला मुलगा उठला. माझं म्हणणं त्याने एका वाक्यात बरोबर सांगितलं. मग विचारलं, "पन बाई, जीव जातोय का न्हाई हे ठरवनार कोन? घेनाराच?"

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला आम्ही तिथूनच सुरुवात केली.