तुम्ही विचारलंत म्हणून: बायबल येतं, मग आणखी काय शिकायचं?

उपासना संपली की चर्चच्या आवारात हमखास कुणीतरी गाठतं. ‘ताई, मलाही तुमच्यासारखं लाइफ कोच व्हायचंय, लोकांना त्यांचा मार्ग शोधायला मदत करायचीय. बायबल वाचलंय, प्रार्थना येते. आणखी काय शिकावं लागतं?’

गप्प बसायला. मला तेवढंच यायला दोन वर्षं लागली.

मी आधी शाळेत शिकवायचे. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याच्या हातावर उत्तर ठेवायची सवय. सुरुवातीला एक तरुण आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वडिलांना तो टॉवेलच्या कारखान्यात हवा होता, त्याला पुण्याची नोकरी खुणावत होती. मी अर्ध्या तासात निकाल दिला: पुणे. वर बायबलमधलं एक वचनही चिकटवलं. चार महिन्यांनी तो हुतात्मा एक्सप्रेसनं सोलापूरला परत आला आणि म्हणाला, ‘ताई, तुम्हीच म्हणाला होतात.’ खरंच होतं ते. ठरवलं मी आणि निस्तरलं त्यानं.

मग रीतसर शिकले. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली सुरू झालेली संस्था पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण, १०० तासांचा प्रत्यक्ष सराव आणि जाणत्या कोचकडून १० तासांचं मार्गदर्शन मागते. धर्माचा तिथे संबंध नाही. सरावात एकदा समोरच्या बाईंची परवानगी घेऊन भेट रेकॉर्ड केली आणि रात्री ऐकली. तासातली चाळीस मिनिटं मीच बोलत होते!

बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. उलट येशू बार्तीमयाला काय विचारतो? मी तुझ्यासाठी काय करावं? आंधळा माणूस काय मागणार, हे दिसत असूनही विचारतो. मागणं त्याच्या तोंडून यावं लागतं.

‘का’ हा शब्द मी जवळजवळ सोडलाय. ‘का गं असं केलंस?’ म्हटलं की माणूस सासूपुढे उभं राहिल्यासारखा सफाई देतो. ‘तेव्हा तुला काय हवं होतं?’ म्हटलं की विचार करतो. आणि इथली एक गंमत, पैशाचा हिशेब माझ्याशी मराठीत मांडणाऱ्या काही बाया रडायला लागल्या की तेलुगूत किंवा कन्नडमध्ये जातात. मला त्यातलं निम्मंच कळतं. तरी मध्ये बोलत नाही.

सगळ्यात अवघड काम म्हणजे गुपित राखणं. आपली चर्चची मंडळी लहान, रविवारी सगळेच समोर. ‘अमकीसाठी प्रार्थना करा हं, घरात जरा त्रास आहे’ असं महिला मंडळात कुणी बोललं की बुधवारपर्यंत गावभर. म्हणून कुणाचंही नाव मी प्रार्थनेच्या विषयातसुद्धा देत नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, तरी नाही. एकदा ते रुसले होते.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, मारहाण, न उतरणारी उदासी दिसली की माझं काम थांबतं. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मी स्वतः लावून देते, डॉक्टरकडे सोबत जाते. ‘विश्वास कमी पडतोय’ हे वाक्य तिथे पाप आहे, असं माझं मत.

फीचं विचाराल तर घेते, थोडी. ‘देवाच्या कामाचे पैसे?’ असं विचारणाऱ्यांना प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा हे सांगून पाहिलं. ‘मग तुम्हीही शिवा’ म्हणाले.

तुम्हाला खरंच सुरुवात करायची असेल, तर गुरुवारी दुपारी या. फक्त आधी फोन करा. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी मी कुणाचंच ऐकत नाही.