शिळं नाहीये ते, आई!

स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर सात-आठ तास शिजवणारं विजेचं भांडं, आमच्या घरात दोनदा आला. पहिला नणंदेने न्यू जर्सीहून आणलेला, कपड्यांत गुंडाळून, आणि मी हौसेने ॲडॅप्टर लावून तो थेट भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसला. दहा मिनिटांत जळका वास, एमसीबी खाली, खेळ खल्लास. तिकडची लाइट १२० व्होल्टची, आपली २३० ची, आणि ॲडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. नवऱ्याने नंतर शांतपणे समजावलं की व्होल्टेज दुप्पट झालं की हीटरची पॉवर जवळजवळ चौपट होते. हे त्याला आधीपासून माहीत होतं, मी प्लग लावत होते तेव्हा तो समोरच मोबाईल बघत बसलेला. आतलं चिनी मातीचं जड भांडं तेवढं वाचलं, त्यात आता सासूबाई दही लावतात.

दुसरा इथला, २३० व्होल्टचा, साधा, लो, हाय आणि वॉर्म एवढीच तीन बटणं. आणि तो आल्यावर कळलं की खरं काम कुकरचं नाहीच, खरं काम रविवारचं आहे. मुलुंडहून सकाळी सव्वासातला बाहेर पडणारं माणूस कांदा कधी चिरणार आणि वाटण कधी भाजणार, त्यामुळे रविवारी सगळं पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकायचं आणि सकाळी नुसतं भांड्यात ओतून बटण दाबायचं, असा प्लॅन.

यावर आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, पहिलंच वाक्य, "म्हणजे आठवडाभर शिळं खायचं का गं आम्ही?"

आता यात गंमत अशी की शिळं काहीच नाही. मी शिजवलेली भाजी फ्रीझ करत नाही, पिशवीत कच्चं मटण असतं, त्याला आलं-लसूण, हळद, मसाला लावलेला आणि वाटण. शिजतं त्या दिवशीच. आईंना मी हे तीनदा सांगितलं, तीनदा त्यांनी "हो का" म्हटलं आणि चौथ्यांदा शेजारच्या काकूंना सांगितलं की आमच्याकडे हल्ली रविवारचं गुरुवारी खातात.

त्यांना पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी कुठेतरी वाचलं होतं की हे यंत्र काढणारा आयर्व्हिंग नॅक्सन, त्याच्या आजोळी लिथुआनियात ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठी शुक्रवारी संध्याकाळी मांस-कडधान्याचं भांडं बेकरीच्या विझत्या भट्टीत ठेवून यायचे, रात्रभर तिथल्या धगीवर ते शिजायचं. त्यावरून त्याला कल्पना सुचली, १९४० मध्ये पेटंट मिळालं आणि १९७१ मध्ये क्रॉक-पॉट नावाने ते बाजारात गाजलं. आई ऐकून म्हणाल्या, "मग वैलावरचं भांडं म्हण ना सरळ." त्यांच्या माहेरी चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या मंद धगीच्या तोंडावर, डाळ नाहीतर दूध दिवसभर मंद ठेवलेलं असायचं. तेव्हापासून आमच्याकडे कुकरचं नावच वैल.

तर रविवार. दीड किलो मटण, त्याच्या तीन पिशव्या. किलोभर कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटण. हे भाजणं चुकवायचं नाही हां, मी एकदा आळसाने कच्चा कांदा घातला तर आठ तासांनंतरही रस्सा फिका आणि कांद्याचा उग्र वास. मंद आचेवर खमंगपणा येतच नाही, तो आधी कढईतच आणावा लागतो. वाटण पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत, नाहीतर फ्रीझरमधलं बाकीचं सगळं घामेजतं. पाणी पिशवीत घालत नाही, सकाळी भांड्यात अर्धी वाटी. झाकण बंद असल्यावर वाफ फारशी बाहेर जात नाही, पहिल्या वेळी मी प्रेशर कुकरच्या अंदाजाने पाणी घातलं आणि मटणाचं सार झालं.

पिशव्या हवा काढून ताटात आडव्या, पातळ पसरून गोठवायच्या, मग वह्यांसारख्या उभ्या लावता येतात. आमचा सिंगल डोअर, फ्रीझर म्हणजे वरचा चपलांच्या खोक्याएवढा कप्पा. पहिल्या वेळी ताट न ठेवता पिशवी तशीच टाकली, ती खालच्या बर्फाला अशी चिकटली की उलथन्याने खरवडताना फाटली. आणि आमच्या त्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमसुद्धा मऊ राहतं, उणे १८ डिग्रीची गोष्टच नको, त्यामुळे तीन महिने टिकतं वगैरे मी मानत नाही. दोन आठवड्यांत संपवते. चिकटपट्टीवर तारीख लिहिते.

बटाटा पिशवीत नाही, गोठला की रवाळ होतो. नारळाचं दूध शेवटच्या अर्ध्या तासात. आमसूल, चिंच पण शेवटी, कारण आंबट पडलं की कडधान्य मऊ व्हायला वेळ लागतो. मटकीच्या उसळीचा यात लगदा होतो, ती आपली पातेल्यातच बरी. काळे वाटाणे मात्र फर्स्ट क्लास.

आणि राजमा. मुलाला आवडतो म्हणून लिहितेय, हे नीट वाचा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, लो वरचा कुकर तेवढा उकळतच नाही की ते मरावं, मग उलट्या-जुलाब. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळाखळा उकळायचा. मी सरळ प्रेशर कुकरला लावून मगच पिशवीत भरते, शिजवून ठेवायचा अपवाद तेवढा हाच.

रात्री साडेनऊला माझा अलार्म वाजतो, पिशवी खाली फ्रिजमध्ये पातेल्यात काढून ठेवायचा. ओट्यावर नाही, मुंबईच्या उकाड्यात तर नाहीच. गोठलेला दगड तसाच वैलात टाकला तर तो कितीतरी तास धड गार नाही धड गरम नाही असा पडून राहतो, ५ ते ६० डिग्रीच्या मधे, आणि जंतूंना तेच हवं असतं. अलार्म विसरला तर त्या दिवशी वैल बंद, संध्याकाळी वरण-भात.

सकाळी सात वाजता लो वर, तीनपर्यंत मटण हाडापासून सुटतं, मग आई वॉर्म करतात. त्यांचे गुडघे गेलेत, ओट्याशी उभं राहणं होत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. पण शिट्टी नाही म्हणजे शिजतंय कशावरून, या शंकेने त्या दर तासाला झाकण उचलून बघायच्या. एकदा उचललं की गेलेली ऊब परत यायला वीस मिनिटं-अर्धा तास. एका गुरुवारी मी आठला घरी आले तर मटण चिवट आणि आई म्हणतात, "मी लक्ष ठेवून होते हो." काचेचं झाकण आहे आई, बाहेरून बघा!

त्यांची दुसरी शंका लाइटची. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती ते त्या अजून काढतात. त्यावर आमचं ठरलंय, लाइट गेली तर लगेच भांड्यातलं पातेल्यात काढून गॅसवर, आणि घरात कोणी नव्हतं, किती वेळ बंद होतं कळत नाही, तर सरळ टाकून द्यायचं. टाकण्यावर अजून एकमत नाही.

सध्या घाई वेगळीच आहे. मटणाच्या दोन पिशव्या उरल्यात, गटारी तोंडावर आलीय आणि श्रावण लागला की आई फ्रीझरमध्ये मटण राहू देणार नाहीत. काल बघितलं तर एक पिशवी त्यांनीच खाली काढून ठेवलेली, अलार्म वाजायच्या आधी.