स्तोत्रांचा एक महिना

१ तारीख, सोमवार

सकाळी स्तोत्रे १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८. आजपासून महिनाभर हेच. बायबलातली दीडशे स्तोत्रे, तीस दिवस, रोज दोन बैठका. आर्चबिशप थॉमस क्रॅनमरने १५४९ च्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात ही वाटणी घालून दिली. त्याआधी मठांतून संत बेनेडिक्टने संन्याशांना घालून दिलेल्या नियमाप्रमाणे अख्खी स्तोत्रसंहिता आठवड्यात म्हणून व्हायची. संसारी माणसाला आठवडा झेपत नाही, महिना झेपतो. एकूण वचने २,४६१, म्हणजे एका बैठकीला सरासरी ४१. सावकाश, मोठ्याने वाचली तर दहा-बारा मिनिटे.

मोठ्याने वाचायचे, हे पथ्य. पहिल्याच स्तोत्रात रात्रंदिवस ‘मनन’ करणारा माणूस येतो. त्या शब्दामागचे हिब्रू क्रियापद ‘हागा’. बायबलातल्याच यशयाच्या पुस्तकात तेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी आले आहे. म्हणजे हे मनन डोळे मिटून गप्प बसण्याचे नव्हे, ओठ हलवत पुटपुटण्याचे आहे. नुसत्या डोळ्यांनी वाचले की नजर ओळखीच्या ओळींवरून घसरत जाते. जिभेला प्रत्येक शब्दावर थांबावेच लागते.

३ तारीख, बुधवार

संध्याकाळी एकच स्तोत्र, १८ वे, पण वचने पन्नास. घाई होते ती इथेच.

हिब्रू कवितेत ओळ दोन पायांवर चालते. पहिल्या अर्ध्यात म्हटलेले दुसऱ्या अर्ध्यात वळवून, वाढवून किंवा उलटवून येते. मराठी बायबलात बहुधा मध्ये अर्धविराम दिसतो. तिथे एक पूर्ण श्वास घ्यायचा. घरात दोघे असतील तर पहिला अर्धा एकाने म्हणावा, दुसरा दुसऱ्याने. भजनात टाळकरी समोरासमोर दोन रांगा धरतात तसे. यात एक चूक हमखास होते: समोरच्याचा शेवटचा शब्द संपण्याआधीच आपण सुरू होतो. असे झाले की थांबून तेच वचन पुन्हा घ्यावे. समोरच्याचे ऐकून घ्यायची सवय इथे, या अर्धविरामावर लागते. कौटुंबिक प्रार्थनेचा याहून मोठा फायदा शोधायला जाऊ नये.

‘सेला’ हा शब्द स्तोत्रांत ७१ वेळा येतो. बहुधा वाद्यवृंदासाठीची विरामाची खूण असावी. तो वाचू नये, तिथे थांबावे.

४ तारीख, गुरुवार

संध्याकाळी २२ आणि २३ एकाच बैठकीत. तेविसावे सगळ्यांना पाठ: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ बाविसावे सहसा फक्त उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वाचले जाते, कारण त्याची पहिली ओळ ख्रिस्ताने वधस्तंभावर उच्चारली. तारखेच्या क्रमाने जाण्याचा फायदा इथे कळतो. ‘तू माझा त्याग का केलास’ म्हटल्यानंतर पाचेक मिनिटांत मेंढपाळ भेटतो, आणि मग तेविसाव्यातली मृत्युच्छायेची दरी भिंतीवरच्या कॅलेंडरातली राहत नाही. आवडीची स्तोत्रे निवडून वाचणारा या जोडीला मुकतो.

७ तारीख, रविवार

उपासनेतल्या गाण्याबद्दल थोडे. गायनप्रमुख स्वतःच्या गळ्याला सोयीचा सूर धरतो आणि तिसऱ्या कडव्याला मंडळी गप्प होते. वरचा सूर गाठता आला नाही की माणूस गाणे सोडून ऐकू लागतो, आणि उपासना कार्यक्रम होते. उपाय साधा: पद आदल्या दिवशी पेटीवर म्हणून पाहावे, त्यातला सर्वांत वरचा सूर मागच्या बाकावरच्या आजोबांना निघेल असा धरावा; नाहीतर पट्टी दोन सूर खाली घ्यावी. कानठळ्या बसवणारा स्पीकर हा दुसरा शत्रू. शेजारच्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-ओवीचा साचा ख्रिस्ती भजनात रुजवला. तो इतका टिकला याचे एक कारण हेच, की तो साचा सगळ्यांनी मिळून म्हणण्यासाठीच घडलेला होता.

आणखी एक गोष्ट, कबुलीची. ‘शांतपणे आपली पापे कबूल करू या’ असे म्हटले जाते आणि चार-पाच सेकंदांत छापील प्रार्थना सुरू होते. तेवढ्यात माणसाला आपले एक पापही नीट आठवत नाही. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट द्यावे. सुरुवातीला खोकणे, खुर्च्या सरकणे ऐकू येईल. होऊ द्यावे.

१० तारीख, बुधवार

काल चुकली असेल तर चुकली. भरून काढायची नाही. आजची तारीख दहा, म्हणून सकाळी ५० ते ५२ म्हणायची, बस्स. राहिलेली पाने साठवत गेले की चौथ्या दिवशी सव्वा तासाचे कर्ज डोक्यावर बसते आणि पाचव्या दिवशी पुस्तक बंद होते. वेळापत्रक तारखेला बांधले आहे ते याचसाठी. राहिलेले स्तोत्र पुढच्या महिन्यात त्याच तारखेला वाट पाहत असते.

वहीत रोज एकच ओळ: तारीख, वचनाचा क्रमांक, आणि आज करायचे एक काम. ‘फार छान वाटले’ असले काही लिहू नये. ‘५१:६, हिशेबातली ती रक्कम आज सांगायची’ असे लिहावे. भावना मोजत बसले की माणूस देवाकडे पाहायचे सोडून स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून बसतो.

१३ तारीख, शनिवार

उद्या उपासना. आजचे काम फोनवरचे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, ५:२३-२४ मध्ये, क्रम स्पष्ट आहे: वेदीपाशी दान नेताना ‘आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे’ असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करायचा. इथे आपल्या मनात काय आहे हा प्रश्नच नाही, त्याच्या मनात काय आहे हा आहे. म्हणून ‘मी तर त्याला कधीच क्षमा केली’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. रविवारी सकाळी साडेआठला हे आठवले तर वेळ नसतो, म्हणून शनिवार. फोनवर लांबण लावू नये. झालेली चूक नावानिशी सांगावी, ‘पण तूसुद्धा’ हे दोन शब्द गिळावेत, थांबावे. पलीकडून फोन आपटला गेला तरी आपल्या बाजूचे काम झाले.

१४ तारीख, रविवार

संध्याकाळी ७३ आणि ७४. उपासनेने माणूस बदलतो म्हणजे नक्की काय होते, हे विचारणाऱ्याला ७३ वे वाचायला द्यावे.

हे आसाफाच्या नावावर आहे. आसाफ देवाच्या कोशापुढे, म्हणजे कराराच्या पवित्र पेटीपुढे, झांजा वाजवणारा, गायकांचा मुख्य. म्हणजे उपासना चालवणाराच घसरला आहे. दुसऱ्या वचनात पाय निसटतो आहे, तिसऱ्यात कारण कळते: दुर्जनांची भरभराट पाहून हेवा वाटला. मग त्यांच्या धष्टपुष्ट अंगांचे, अहंकाराचे वर्णन चालते. हेवा करणारा माणूस बारकाईने पाहतो. तेराव्यात कडेलोट: मी मन स्वच्छ राखले ते व्यर्थच. पंधराव्यात तो जीभ आवरतो, हे बोललो तर देवाच्या लेकरांचा घात होईल म्हणून. सोळाव्यात विचार करकरून थकतो. आणि सतराव्यात फक्त एवढेच होते की तो देवाच्या पवित्रस्थानात जातो.

तिथे काय दिसले, कोणते गीत चालले होते, संदेश कशावर होता, काहीच सांगितलेले नाही. श्रीमंत श्रीमंतच राहिले, याची पीडा मिटल्याचा उल्लेख नाही. पण अठराव्यापासून भाषा बदलते. आतापर्यंत बहुतेक ‘ते’ आणि ‘मी’ चालले होते, ‘तुझ्या’ एकदाच पुसटसे आले होते. आता ‘तू’ सुरू होते. निसरडी जागाही बदलते: आधी आपला पाय निसटत होता, आता ते निसरड्यावर उभे दिसतात. बाविसाव्यात तो स्वतःला पशू म्हणतो, तेविसाव्यात ‘तरी मी सतत तुझ्याजवळ आहे’ म्हणतो, आणि दोन्ही एकाच दमात.

प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, १२:२ मध्ये, ‘रूपांतर होऊ द्या’ म्हटले, ‘रूपांतर करा’ नव्हे. ग्रीक क्रियापद तेच, जे मत्तय १७ मध्ये डोंगरावर ख्रिस्ताचे रूप पालटले तिथे आहे, आणि रूपही कर्मणी. त्याच्याच करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, ३:१८ मध्येही, तेच, तिथे तर ते प्रभूचे वैभव पाहता पाहता घडते. आसाफाने स्वतःला सुधारायचा कार्यक्रम आखला नव्हता. तो फक्त आत गेला. हेवा जिरलेला नसताना गेला, हे विसरू नये. मन ठिकाणावर आल्यावर उपासनेला जाऊ म्हणणारे सोळाव्या वचनातच मुक्काम ठोकतात.

आजची वहीतली ओळ: ज्याचा हेवा वाटतो त्याचे नाव, आणि त्याच्यासाठी एक प्रार्थना. नाव लिहायला जड जाते. आद्याक्षर लिहून पळवाट काढू नये.

१७ तारीख, बुधवार

सकाळच्या बैठकीचा शेवट ८८ व्याने. अठरा वचने, आणि हिब्रूत शेवटचा शब्द अंधार. ‘तरीही’ कुठेच नाही. स्वतःचे बरे चालले असेल तर हे तोंडी लावायला अवघड जाते. अशा वेळी ते दुसऱ्याच्या वतीने म्हणावे: दवाखान्यात असलेला कोणी, घरात नुकते कोणी गेलेले कुटुंब. एक नाव मनात धरून ‘मी’ म्हणायचे. स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे, आणि रविवारच्या गाण्यांत मात्र विलाप औषधालाही सापडत नाही. दुःखी माणसाने मग मंडळीत बसून काय गावे?

१९ तारीख, शुक्रवार

सकाळी ९५ वे. सहाव्या वचनात नमणे, दंडवत, गुडघे टेकणे. शरीराला वगळून हे म्हणता येत नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून मान खाली घालावी, हात उघडे ठेवावेत. या स्तोत्रावरची गाणी बहुतेक इथेच संपतात. स्तोत्र संपत नाही. सातव्याच्या शेवटी सूर पालटतो: आज त्याची वाणी ऐकाल तर मने कठीण करू नका. आणि मग देवच बोलू लागतो. गाणाऱ्याला ऐकणारा व्हावे लागते.

२२ तारीख, सोमवार

संध्याकाळी १०९ वे, शापांचे. १९७१ पासूनच्या रोमन कॅथलिक नित्यप्रार्थनेत ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्ण गाळली आहेत. गाळणे समजू शकते, पण पटत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या पोटातला राग आपण गाळल्याने जात नाही, तो रविवारच्या कमिटी मीटिंगमध्ये निघतो. हे स्तोत्र म्हणताना दोन गोष्टी सांभाळाव्या. सूड देवाच्या हातात दिला, तो परत मागून घ्यायचा नाही. आणि म्हणण्याआधी विचारायचे: कोणी हे माझे नाव घेऊन म्हणत असेल का?

२६ तारीख, शुक्रवार

११९ वे आज संपते. २४ च्या संध्याकाळपासून चालले आहे: हिब्रूची बावीस अक्षरे, प्रत्येकी आठ वचने, एकूण १७६. कंटाळा येतो आणि तो यायचाच. नियमशास्त्र, निर्बंध, विधी, आज्ञा, तेच शब्द फिरून फिरून. कंटाळ्यात वेग वाढवू नये, आवाज थोडा कमी करावा. एकशे पंच्याहत्तर वचने आज्ञेची आवड सांगून झाल्यावर शेवटच्या वचनात कवी म्हणतो, हरवलेल्या मेंढरासारखा मी भटकलो आहे.

३१ तारीख, बुधवार

एकतिसाव्याला वेगळा वाटा नाही, कालचाच पुन्हा: सकाळी १४४ ते १४६, संध्याकाळी १४७ ते १५०. फेब्रुवारीत उलटे होते, महिना अठ्ठावीसलाच सरतो आणि ही शेवटची स्तवने राहून जातात. तेव्हा निदान १५० वे तरी अठ्ठाविसाव्या रात्री म्हणून घ्यावे. सहाच वचने. शिंग, डफ, झांजा, सगळे वाजते आणि एकही मागणे नाही.

उद्या सकाळी पुन्हा पहिले स्तोत्र, पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेले झाड. ‘हंगामी’ या शब्दापाशी श्वास घ्यायचा राहिला होता.