घड्याळाच्या मागच्या तारखा

परवा हॉलमधलं घड्याळ बंद पडलं. अगदी बंद नाही म्हणता येणार, सेकंद काटा नऊच्या आकड्याजवळ नुसता थरथरत होता, जरासा वर जायचा आणि परत तिथेच. ह्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं की सेल संपत आला की काटा बहुतेक नऊपाशीच अडकतो, कारण तिथे तो आडवा असतो आणि वर चढायचं असतं, वजन सगळ्यात जास्त तिथेच पडतं. मी तेव्हा हातातलं काम करता करता हं हं केलं होतं. हे लक्षात राहिलंय हेच मला माहीत नव्हतं, पण परवा मान वर करून बघत होते तर पूर्ण वाक्य त्यांच्याच आवाजात आठवलं.

हे जाऊन आता चौदा महिने झाले. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, कसं झालं हो, अचानकच का? अचानकच. हार्ट. सांगून सांगून ते आता पाठ झालंय आणि मला खरं तर त्याबद्दल बोलायचंच नसतं. एक सकाळ सांगायची आणि त्याच्या आधीची सव्वीस वर्षं कोणी विचारायचीच नाहीत, असं कसं? म्हणून आज इथे लिहायला बसले.

तर स्टूल आणलं, घड्याळ उतरवलं. घरातली घड्याळं, टॉर्च, रिमोट, सगळ्यांचे सेल तेच बदलायचे, मी सव्वीस वर्षांत एकदाही ते घड्याळ उलटं करून बघितलेलं नव्हतं. मागे सेलच्या खाचेशेजारी पांढरी पट्टी चिकटवलेली, त्यावर बॉलपेनने बारीक अक्षरात तारखा, एकाखाली एक, अकरा. सेल बदलला की तारीख टाकायची. कंपनीत मेंटेनन्सला होते ना, मशीनची नोंद ठेवायची सवय घरापर्यंत आलेली. वरच्या दोन तारखांची शाई उडत आलीये.

आठव्या तारखेपाशी मी थांबले. ती त्यांच्या अँजिओप्लास्टीनंतरच्या दुसऱ्याच आठवड्यातली. डॉक्टरांनी आराम सांगितला होता, मी रोज बजावत होते की काही हवं असेल तर हाक मारा, आणि हा माणूस मी घरात नसताना गुपचूप स्टुलावर चढला, सेल बदलला, तारीख टाकली आणि मला पत्ता लागू दिला नाही. इतका राग आला म्हणून सांगू. अहो पडला असता तर? असं खरंच मोठ्याने म्हणाले मी, रिकाम्या हॉलमध्ये, आणि मग घड्याळ मांडीवर घेऊन बराच वेळ तशीच बसले.

मुलगी सातवीत असताना हेच घड्याळ त्यांनी तिच्यासमोर उघडलं होतं. तिने विचारलं होतं की बाबा, घड्याळाला कसं कळतं एक सेकंद झाला ते? मी असते तर म्हटलं असतं मशीन असतं गं आत. ह्यांनी तिला आतला क्वार्ट्‌झचा स्फटिक कुठे असतो ते दाखवलं, तांदळाच्या दाण्याएवढी नळकांडी. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो म्हणाले. ती म्हणाली एवढा विचित्र आकडा का? तर वही पेन्सिल घेतली आणि म्हणाले, निम्मा कर. १६,३८४. परत निम्मा कर. ८,१९२. ती करत गेली आणि हे शेजारी बसून राहिले, एकही उत्तर सांगितलं नाही, एकदा चुकली तरी नाही, नुसतं म्हणाले मागची ओळ बघ. पंधरा वेळा निम्मं केल्यावर एक आला. बरोब्बर एक. आतलं सर्किट हेच करतं, म्हणून सेकंदाला एकच टिक. तिचा चेहरा मला अजून दिसतो. आणि त्यांचाही, तिच्यापेक्षा जास्त खूश.

बोलायचे कमी. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही आणि तरुणपणी मला त्याचं वाईटही वाटायचं. पण मी बाहेरून आले आणि किल्ली ठेवली की त्या आवाजावरून त्यांना कळायचं आज काहीतरी बिनसलंय. लगेच विचारायचे नाहीत. टीव्हीचा आवाज कमी करायचे आणि माझ्याजवळ येऊन बसायचे, बास. मी बोलले तर ऐकायचे, नाही बोलले तर तसेच बसून राहायचे.

मुलगा अकरावीत दोन विषयांत नापास झाला तेव्हा मी खूप बोलले त्याला, नको ते बोलले. हे मात्र त्याला घेऊन खोलीत बसले आणि तासभराने बाहेर आले. काय बोललात म्हटलं, तर म्हणाले मी कुठे बोललो, तोच बोलत होता. मग म्हणाले, बिघडलेल्या मशीनवर ओरडून ते चालू होत नाही, आधी आवाज ऐकायचा कुठून येतोय. मुलाने ते वाक्य मला त्यांच्या गेल्यानंतर परत सांगितलं. त्यानेही दाराआडून ऐकलं होतं म्हणे.

एका मैत्रिणीने मला दुःखाच्या पाच पायऱ्या पाठवल्या होत्या, नकार, राग वगैरे. मी कितीतरी दिवस स्वतःला त्यात बसवत होते, की आता मी तिसरीवर का चौथीवर. नंतर वाचलं की एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांकडे बघून नव्हे. इतकं हलकं वाटलं मला. १९६७ मध्ये होम्स आणि राही या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची ताणाप्रमाणे यादी केली होती, त्यात जोडीदाराचा मृत्यू सगळ्यात वर, १०० गुण. यादी वाचून नुसती मान हलवली. मला जे खरं पटलं ते स्ट्रोब आणि शूट या दुःखाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचं, १९९९ चं, की माणूस दुःखाकडे आणि रोजच्या कामांकडे असा आलटून पालटून जात येत राहतो आणि दोन्हीची गरज असते. माझं हुबेहूब तसंच आहे. सकाळी बँकेचे नॉमिनीचे फॉर्म न चुकता भरते, लाइट बिल भरते, आणि संध्याकाळी फोनमधला त्यांचा चौदा सेकंदांचा व्हॉइस मेसेज ऐकते. 'खाली आलोय, किल्ली विसरलो, दार उघड, आणि घाई करू नको.' एवढंच आहे त्यात. मुलीने तो तीन ठिकाणी सेव्ह करून ठेवलाय.

घाई करू नको हे त्यांचं पेटंट वाक्य. हॉलमधलं घड्याळ ते मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवायचे. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, मग उपयोग काय म्हणून मी कितीदा वाद घातला. ते म्हणायचे, निघताना कोणी काही सांगायला आलं तर थांबून ऐकता येतं. आणि थांबायचेही. चप्पल घातलेली, बॅग खांद्याला, आणि मुलगा काहीतरी सांगतोय तर दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकायचे.

परवा मी नवीन सेल घातला, फोनमध्ये बघून वेळ लावली, पट्टीवर बारावी तारीख टाकली. माझं अक्षर त्यांच्याहून मोठं आहे, जरा तिरकं गेलं. घड्याळ परत खिळ्याला लावलं.

रात्री मुलगी आली, पर्स ठेवली, सवयीने वर बघितलं आणि म्हणाली, आई, घड्याळ पाच मिनिटं मागे पडलंय गं. आणि स्टूल ओढलं.