एकच हिरवा दिवा

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. गॅरेजचं शटर अर्धं वर केलं होतं तेवढ्यात कोथरूडच्या काकांचा फोन आला. "अरे, गाडी उघडतच नाहीये. रिमोट दाबतोय, पण ढिम्म. आणि परवा चिरंजीव येतायत!"

मी म्हटलं, असं कसं होईल? त्या गाडीला नोव्हेंबरमध्ये मीच मेंटेनर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर, जोडून दिला होता.

गाडी त्यांच्या मुलाची. तो परदेशात, वर्षातून एकदा येणारा. त्याची जर्मन सेदान बंगल्याच्या पोर्चमध्ये कव्हर घालून उभी असते. जुनी गाडी असती तर मी दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवलं असतं आणि विषय संपला असता. पण हिची बॅटरी डिकीत, आणि डिकीचं कुलूप बॅटरीवर चालणारं. शिवाय गाडी बंद असली तरी आतले कंट्रोलर, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर थोडा थोडा करंट पीत असतात. या गाडीचा मी मोजला होता. लॉक करून अर्धा तास थांबल्यावर ४० मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला जेमतेम १ अँपिअर-अवर. ऐकायला काहीच वाटत नाही.

"पंधरा दिवसांनी दहा मिनिटं चालू करून ठेवा" हा सल्ला पुण्यात प्रत्येक सोसायटीत मिळतो. स्टार्टरने खाल्लेलं आणि पंधरा दिवसांत झिरपलेलं दहा मिनिटांच्या आयडलिंगवर कुठून भरून निघणार? मी कुणालाच तो सल्ला देत नाही. मेंटेनर लावा म्हणतो. बॅटरी भरली की तो साडेतेरा व्होल्टच्या आसपास धरून बसतो, जास्त देत नाही, कमी पडू देत नाही.

मेंटेनर काकांनीच ऑनलाइन मागवला होता. मी बॉनेटखालच्या, डिकीतल्या बॅटरीला आतून जोडलेल्या पॉझिटिव्ह पोस्टला वायरीची कडी लावून फ्यूजवाली वायर काढली, निगेटिव्ह बॉडीच्या बोल्टला दिलं. थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नाही, कारण तिथे बॅटरीत किती करंट आला-गेला ते मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घालून करंट गेला की गाडीला हिशेबच लागत नाही. मग चार्जरचं बटण दाबून चार्जिंगचा मोड लावला, संध्याकाळपर्यंत बॅटरी भरली आणि निघताना काकांना सांगितलं, "रोज बघत जा. हिरवा दिवा दिसला की निर्धास्त."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या तर चांगलंच लक्षात आहे.

पोचलो तर चार्जरवर खरंच हिरवा दिवा. रिमोटमधून लोखंडी किल्ली काढून ड्रायव्हरचा दरवाजा उघडला, बॉनेटची केबल ओढली, मीटर लावला. ८.१ व्होल्ट. बारा व्होल्टची बॅटरी बारावर आली तरी आम्ही ती रिकामी धरतो, आणि ही आठवर.

पहिला संशय उंदरावर. पोर्चमधल्या गाडीत संशयाचा मान नेहमी त्यालाच. वायर बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत फिरवली, एक ओरखडा नाही. फ्यूज शाबूत. सॉकेटमध्ये टेस्टर पेटतोय. चार्जरच्या बाहेर पडणाऱ्या वायरीत मात्र काहीच नाही. मेला असेल म्हणून मी प्लग काढला आणि पुन्हा लावला. हिरवा दिवा लागला. एकच. सवयीने माझं बोट बटणाकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

या चार्जरला दोन दिवे. एक वीज आल्याचा, हिरवा. दुसरा चार्जिंगचा. आधी पिवळा, भरली की तोही हिरवा. आणि त्याच्या लक्षात मोड राहत नाही. वीज गेली की परत आल्यावर चार्जर नुसता जागा होतो, कामाला लागत नाही. कुणीतरी बटण दाबावं लागतं.

"काका, मध्ये लाईट गेली होती का?"

काका काही न बोलता आत गेले आणि भिंतीवरचं कॅलेंडरच काढून घेऊन आले. रोजच्या चौकोनात पेन्सिलने 'दिवा चालू' लिहून खाली सही. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. आणि बऱ्याच गुरुवारी वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात : 'लाईट नाही १० ते ४'. त्यातला पहिला गुरुवार मी जोडून गेल्यानंतरचा तिसरा दिवस.

मी तिथेच पायरीवर बसून हिशेब केला. बॅटरी ८० अँपिअर-अवरची, दिवसाला १. त्या गुरुवारपासून त्या सकाळपर्यंत ८१ दिवस झाले होते. एवढा तंतोतंत हिशेब माझ्या दुकानाच्या वहीतही जमत नाही.

"म्हणजे मी रोज बघत होतो ते..."

"तुमचं काही चुकलं नाही काका. मीच एक दिवा सांगितला, होते दोन."

काकूंनी चहा आणला. त्या म्हणाल्या, "मी एकदा म्हटलं होतं हो यांना, पूर्वी दोन लागायचे म्हणून." काका कॅलेंडरकडे बघत राहिले.

एवढ्या खाली गेलेली बॅटरी तो चार्जर ओळखेना, बटण दाबलं की लाल. मग माझी चांगली बॅटरी बॉनेटखालच्या पोस्टला जोडून आधी डिकी उघडली, बॅटरी बाहेर काढून गॅरेजला नेली आणि रात्रभर मोठ्या चार्जरवर हळूहळू भरली. सकाळी उतरवली, दुपारपर्यंत तशीच ठेवली, तर १२.३. आशा वाटली. लोड टेस्टर लावून बॅटरीवर भार टाकला आणि दहा सेकंदांत काटा ८ च्या खाली. इतके दिवस रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, ते अशा चार्जिंगने निघत नाही. नवी घालावी लागली, आणि या गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने गाडीला 'सांगावी'ही लागते. त्याचे आणि दोन फेऱ्यांचे पैसे मी घेतले नाहीत. काकांनी बॅटरीचे देताना 'तेही घे' म्हणून वाद घातला, पण मी ऐकलं नाही.

मेंटेनर बदलून मोड लक्षात ठेवणारा आणला. जोडल्यावर मेन स्विच तीनदा पाडला, तीनदा चढवला, तिन्ही वेळा तो आपणहून कामाला लागला. हे नोव्हेंबरमध्ये करायला मला दोन मिनिटं लागली असती.

मुलगा महिनाभर राहून गेला. त्यानंतरच्या गुरुवारी चार वाजून पाच मिनिटांनी काकांचा फोन. "लाईट आली. दोन्ही आहेत. लिहून ठेवलंय."