मल्चिंग बलून अपडेट: टेप काढला, इस्त्री धरली

आज सकाळी सव्वाआठला येळ्ळूरच्या शिवारात दोरा ताठ झाला बघा! हातात धरल्यावर करडू ओढतंय तशी ओढ. शेतात अंथरायच्या काळ्या मल्चिंग प्लास्टिकचा, नुसत्या उन्हानं आतली हवा तापून उडणारा आपला बलून, मागच्या तिन्ही खेपेला कमरेएवढा उठून बसलेला, आज अख्खा १५ मीटर दोरा घेऊन वर थांबला, भांगलणीच्या बायका खुरपी खाली ठेवून बघत होत्या.

तीन आठवडे खाल्ले ते जोडानं. बलून तोच, सहा पाकळ्या, २ मीटर व्यास, मिरचीच्या वाफ्यावरचं उरलेलं २५ मायक्रॉनचं मल्चिंग, काळी बाजू बाहेर. जोड पॅकिंग टेपचे. गारव्यात एकदम पक्के, पण ऊन लागून आतली हवा तापली की पार वरच्या टोकाला, जिथं सगळ्यात गरम हवा जमते नेमकं तिथंच, गोंद मऊ पडायचा. मला वाटलं प्लास्टिकच जड होतंय, म्हणून पातळ कागदासाठी रविवार पेठ पालथी घातली, आठवडा गेला त्यात. मग परवा खालच्या तोंडातून डोकं आत घालून वर बघितलं तर त्या काळोखात उन्हाची पांढरी रेघ, बोटभर लांब. सापडलं!

आता सगळा टेप काढून जोडावर बटर पेपर, खाली गुळगुळीत फळी आणि आईची जुनी इस्त्री, नायलॉन आणि सिल्कच्या मधे, तीन-चार सेकंद दाबायची, सरकवायची नाही. जास्त तापली की भोक पडतंय. पॅकिंग टेप या कामाला कुणीही वापरू नका, कुठल्याही कंपनीचा. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक शास्त्रीय उपकरणं वर न्यायला हायड्रोजनचे बलून सोडतात ते पण पॉलिथीनचेच आणि जोड उष्णतेनंच चिकटवलेले. १७८३ ला फ्रान्सच्या माँगोल्फिए भावांनी तर आपल्या गरम हवेच्या बलूनचे कापडाचे भाग गुंड्या लावून जोडले होते, आतून कागद, तरी उडाला, त्यांचं खरंच कौतुक वाटतंय.

हिशेब असा की बाहेर १७ अंश, आत ४७ धरलं तर आतली हवा साधारण ९ टक्के हलकी. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, हवा मुळातच विरळ, म्हणजे घनमीटरला १०० ग्रॅमच उचल. आपले ४ घनमीटर, म्हणजे ४०० ग्रॅम, त्यातलं २९० प्लास्टिकच खातंय, टेपचे ४० आता धरायचेच नाहीत, ते वाचले. उरायला हवे ११०. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५०० ग्रॅमची पाण्याची बाटली ठेवून तिला दोरा बांधला, काटा ४२२ दाखवायला लागला. म्हणजे ७८. बाकीचे ३२ कुठं गेले?

पुढं ३ मीटरचा, पाकळ्यांचाच करणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं, वाकडा जोड इस्त्रीखाली धरायलाच सगळा त्रास होतोय, मग सरळ जोडांचा टेट्रून, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा बलून, का नको? सरबताच्या त्रिकोणी पाकिटासारखा, नळी करायची, एक तोंड आडवं बंद, दुसरं उभं. चार फुटी मल्चिंगचे पट्टे तसेच जोडले की झालं, कापायचं कामच नाही. दोरा सोडायचा मात्र नाही, सांबऱ्याच्या विमानतळावर विमानं उतरतात.

उद्या आत थर्मामीटर टांगतोय, ते ३२ ग्रॅम आधी शोधायचेत.